बेटकुळी कोणाच्या वाट्याला?

औंढा नागनाथला शिक्षकांच्या एका विज्ञान शिबिरासाठी आम्ही दोन दिवस होतो. विषय साध्या यंत्रांचा: तरफ, कप्पी, उतरण. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुटीत एका बाईंनी पिशवीतून सात-आठ इंग्रजी कॉमिक्स काढून आमच्यासमोर ठेवली. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने पुण्याहून वाचनकोपऱ्यासाठी जुन्या पुस्तकांचे खोके पाठवले होते, त्यात ही निघाली. इंग्रजी वाचता येत नसले तरी नुसती चित्रे पाहून मुलांनी पाने पार खिळखिळी करून टाकली होती.

बाई म्हणाल्या, "सर, सातवीतल्या एका मुलीनं प्रश्न विचारलाय, आणि मला उत्तर देता येईना. ती म्हणते, या बाईचा दंड माझ्याएवढाच आहे, मग ही ट्रक कशी काय उचलती?"

आजूबाजूचे शिक्षक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे सांगितले की ही मुलगी गोळाफेकीत शाळेत पहिली आहे. तालुक्याच्या स्पर्धेला मात्र ती नाव देत नाही, कारण गोळा फेकून दंड मुलांसारखे होतात असे तिला घरी आणि मैत्रिणींनी सांगितले आहे.

या दोन गोष्टी बाईंनी एका दमात सांगितल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे, हे बहुधा त्यांनाही जाणवले असावे. आम्ही ती कॉमिक्स मागून घेतली आणि त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत बसून वाचून काढली. आमचा रोजचा व्यवसाय स्नायूंच्या अभ्यासाचा, त्यामुळे नजर आपोआप दंडांकडेच गेली.

खोक्यातले पुरुष ओळखायला सोपे होते. सुपरमॅन १९३८ साली अवतरला, हल्क १९६२ साली. दोघांच्याही अंगावर स्नायूंचे असे डोंगर आहेत की शरीरशास्त्राच्या पुस्तकात नसलेलेही काही स्नायू तिथे सापडावेत. हल्कचा दंड तर त्याच्या स्वतःच्या डोक्याहून रुंद. आता स्त्रिया पाहा. सुपरगर्ल (१९५९) ही सुपरमॅनची चुलत बहीण. कथेप्रमाणे तिची शक्ती जवळपास त्याच्याइतकीच, पण तिचा दंड तिच्या मानेहूनही बारीक. वंडर वुमन (१९४१) रणगाडे उलथवते. तिचे खांदे सुपरगर्लपेक्षा थोडे भरीव आहेत, पण चित्रकार बदलला की तेही वितळतात. म्हणजे पुरुष बलवान आहे हे चित्रातच दिसते, आणि स्त्री बलवान आहे हे शब्दांत सांगावे लागते. आपल्या सातवीतल्या मुलीला इंग्रजी शब्द वाचता येत नव्हते. तिच्यापुढे फक्त चित्र होते, म्हणून विसंगती तिलाच दिसली.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊ.

स्नायू किती जोराने ओढू शकतो हे मुख्यतः त्याच्या जाडीवर, म्हणजे त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. दोरखंड जितका जाड तितका तो भार पेलतो, तसेच काहीसे. फरक इतकाच की स्नायूतला प्रत्येक तंतू स्वतः ओढत असतो. जपानमधील इकाई आणि फुकुनागा या दोन संशोधकांनी १९६८ साली कोपर वाकवणाऱ्या स्नायूंच्या छेदाचे क्षेत्रफळ श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोजले आणि त्याच माणसांची ताकदही मोजली. त्यांना दर चौरस सेंटिमीटरला सरासरी सुमारे ६ किलो ओढ मिळाली. हा आकडा मुले आणि प्रौढ, स्त्रिया आणि पुरुष, सगळ्यांसाठी जवळपास सारखाच निघाला. पुरुषांची एकूण ताकद सरासरीने जास्त असते, कारण त्यांच्याकडे हे चौरस सेंटिमीटर जास्त असतात. एका चौरस सेंटिमीटरला मात्र तो कोणाच्या अंगातला आहे याची काही खबर नसते.

आता तरफ. कोपर हा टेकू. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू कोपरापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला आहे आणि तळहातावरचा भार सुमारे ३५ सेंटिमीटरवर. म्हणजे हातात १ किलो धरायचा तर स्नायूला ७ किलोंची ओढ लावावी लागते. (तिसऱ्या प्रकारची तरफ तोट्याची असते हे आपण वर्गात सांगतो, तो तोटा आपण जन्मभर कोपरात घेऊन फिरतो.) एखाद्या स्त्रीच्या या स्नायूंचा छेद १२ चौरस सेंटिमीटर धरला तर ओढ ७२ किलोंची आणि तळहातावर सुमारे १० किलो. एक घागर पाणी कोपरातून वाकवलेल्या हातावर तोलून धरता येते ते एवढ्या बळावर. पाठ, मांड्या आणि डोके वापरले तर याच्या कितीतरी पट वजन नेता येते, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको.

आणि ट्रक? तो १० टनांचा धरू. दोन हातांनी उचलायचा तर प्रत्येक हातावर ५ टन. स्नायूची ओढ सातपट, म्हणजे ३५ टन. भागिले ६ किलो. उत्तर येते सुमारे ५,८०० चौरस सेंटिमीटर. एवढ्या क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास ८६ सेंटिमीटर होतो. आमच्या खोलीचे दार साधारण तेवढेच रुंद होते. म्हणजे एका दंडाचा नुसता पुढचा स्नायू दाराएवढा हवा. प्रत्यक्षात ट्रक डोक्यावर उचलताना दुसरेही स्नायू लागतील, पण आकड्यांचा अंदाज फारसा बदलणार नाही.

तेव्हा मुलीचा संशय बरोबर होता. त्या दंडाने ट्रक उचलला जाणार नाही.

पण इथे थांबलो असतो तर आमचीच फसगत झाली असती. हल्कचेही गणित करून पाहायला हवे. उदार होऊन त्याच्या दंडाचा व्यास ४० सेंटिमीटर धरू. छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १,२५० चौरस सेंटिमीटर. त्यातून हाड आणि मागचे स्नायू वजा केले तर पुढच्या स्नायूंना ६०० उरतील. ओढ ३,६०० किलो, तळहातावर सुमारे ५१० किलो, दोन्ही हातांवर मिळून एक टनाच्या आसपास. एखादी लहान मोटार उचलेल. ट्रक नाही, रणगाडा तर नाहीच नाही. स्नायूंच्या हिशेबाने हल्क आणि सुपरगर्ल दोघेही नापास.

म्हणून "सुपरगर्लचे चित्र अशास्त्रीय आहे" एवढीच टीका केली तर ती अर्धवट ठरते. चित्र दोघांचेही अशास्त्रीय आहे. हल्कचे स्नायू त्याच्या शक्तीचे कारण नव्हेतच. ते एक चिन्ह आहे, नाटकातल्या राजाच्या मुकुटासारखे. शक्ती जादूचीच आहे, फक्त पुरुषाच्या बाबतीत ती दंडावर बेटकुळी होऊन मिरवते आणि स्त्रीच्या बाबतीत लपून राहते. मग प्रश्न शरीरशास्त्राचा उरत नाही. चिन्हच द्यायचे होते, तर ते एकालाच का दिले?

खोक्यात याला अपवाद वाटावा अशी एक नायिका होती, शी-हल्क. तिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण स्नायूंची स्त्री काढायची असे ठरवल्यावरही काय होते ते तिच्यात दिसते.

शी-हल्कचा पहिला अंक १९८० सालचा. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॉन बुसेमा. तिच्या जन्माची हकिगत सरळ व्यापारी आहे. त्या काळी हल्कची दूरदर्शन मालिका जोरात चालू होती. मालिकावाल्यांनी उद्या स्त्री हल्क काढली तर तिचे हक्क त्यांच्याकडे जातील, या भीतीने प्रकाशकांनी आधीच स्वतःची स्त्री हल्क काढून ठेवली. कथा अशी: जेनिफर वॉल्टर्स ही वकील. तिला गोळ्या लागतात. तिचा मामेभाऊ ब्रूस बॅनर, म्हणजे हल्क, तिला आपले रक्त देतो आणि तीही हिरवी, उंच, प्रचंड ताकदवान होते.

रक्ताच्या या भानगडीवर आठवी-नववीत एक चांगला तास होऊ शकेल. माणसाच्या तांबड्या पेशींना केंद्रक नसते. दुसऱ्याला दिल्यावर त्या फार तर १२० दिवस टिकतात. पांढऱ्या पेशींत जनुके असतात, पण त्या घेणाऱ्याच्या स्नायूंत शिरून तिथली जनुके बदलत नाहीत. तसे असते तर रक्तदान शिबिरानंतर गावोगाव लोकांचे चेहरे बदलले असते. गॅमा किरण जनुकांची मोडतोड करतात, बांधकाम करत नाहीत. स्नायू खरोखरच अफाट वाढवणारा जनुकीय बदल निसर्गात आहे, पण तो वेगळा. मायोस्टॅटिन नावाचे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालते. १९९७ साली अमेरिकेत त्याचे जनुक बंद केलेले उंदीर तयार झाले, तेव्हा त्यांचे काही स्नायू दुपटी-तिपटीने मोठे निघाले, नरांचेही आणि माद्यांचेही. २००४ साली जर्मनीतल्या अशाच एका बालकाची माहिती वैद्यकीय नियतकालिकात आली. त्या बालकात या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. त्याच्या आईत एक प्रत बिघडलेली होती, आणि ती पूर्वी व्यावसायिक खेळाडू होती. या हकिगतीत आईचा उल्लेख एका वाक्यापुरता येतो. आम्हाला मात्र कॉमिक्स वाचताना तीच आठवत राहिली.

शी-हल्ककडे परत येऊ. शक्ती तिची स्वतःची नाही, मामेभावाच्या रक्ताची आहे. सुपरगर्लची ओळखही चुलतभावावरून. वंडर वुमनचे तसे नाही, ती अ‍ॅमेझॉन स्त्रियांच्या बेटावर वाढली. तिचा निर्माता विल्यम मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ होता आणि मुलींना अनुकरण करावेसे वाटेल असे बलवान स्त्रीपात्र हवे, हे त्याने उघडपणे मांडले होते. पण एकंदर रिवाज शक्ती पुरुष नातेवाइकाकडून उसनी आणण्याचाच.

शी-हल्कच्या मापांची गंमत आम्ही शिबिरातही सांगितली. प्रकाशकांच्याच माहितीप्रमाणे जेनिफरची उंची ५ फूट १० इंच, वजन सुमारे ६३ किलो. शी-हल्क झाल्यावर उंची ६ फूट ७ इंच आणि वजन ३०० किलोंच्या घरात. उंची १.१३ पट झाली. आकार सारखाच ठेवून सगळ्या दिशांनी वाढवले तर आकारमान १.१३ च्या घनाने, म्हणजे १.४४ पटीने वाढेल आणि वजन ९१ किलो भरेल. चित्रात दिसतात तेवढे जादा स्नायू धरून ११० म्हणा. उरलेले १९० किलो कुठे आहेत? ११० लिटर आकारमानात ३०० किलो बसवायचे तर घनता पाण्याच्या पावणेतीनपट होते. मराठवाड्यातल्या काळ्या दगडाची घनता याच्या जवळपास असते. म्हणजे लेखकाला ती अवजड हवी होती, पण चित्रकाराला ती देखणी ठेवायची होती. वजन तक्त्यात गेले आणि कंबर होती तशीच राहिली. पुढे वेगवेगळ्या चित्रकारांच्या हातात ती कधी पहिलवान दिसते, तर कधी हिरवा रंग लावलेली मॉडेल. हल्कच्या बाबतीत असा गोंधळ कधी झालेला नाही.

तरीही शी-हल्कमध्ये एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडली. हल्कला आपले रूप शाप वाटते, तो त्यातून सुटायला धडपडतो. जेनिफरला मात्र हळूहळू आपले मोठे रूप आवडू लागते. त्याच रूपात ती कोर्टात जाते, थट्टामस्करी करते, आणि जॉन बर्नने १९८९ साली सुरू केलेल्या मालिकेत तर थेट वाचकाशी बोलते. मोठ्या शरीरात सुखाने राहणारी स्त्री कॉमिक्समध्ये दुर्मीळ आहे. दुसरी आठवते ती जॅक कर्बीची बिग बार्डा (१९७१): नवऱ्याहून उंच, धिप्पाड, लढाईत पुढे असणारी, आणि त्या नवऱ्यावर जीव असलेली. आणखी अलीकडची म्हणजे कमला खान. २०१४ सालापासून तिची स्वतंत्र मालिका आली. तिची मूठ गरजेप्रमाणे पोत्याएवढी होते. शक्ती डोळ्यांना दिसते, आणि ती दिसल्यावर कमलाची लाज वाटावी असे काही कथेत होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिर सुरू होण्याआधी आम्ही नागनाथाच्या देवळात गेलो. यादवकाळातले देऊळ, काळ्या दगडाचे, शिखराचा भाग नंतरचा. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगा आहेत. डोक्यात रात्रीची कॉमिक्स असल्यामुळे त्या दिवशी आम्ही मूर्तींचेही दंडच पाहत फिरलो. सोबतच्या शिक्षकांना ते जरा चमत्कारिक वाटले असणार. पाहता पाहता लक्षात आले की इथे बेटकुळी कोणालाच नाही. स्त्रीमूर्तींना नाही आणि पुरुषमूर्तींनाही नाही. देव असो, देवी असो, हात गोल, गुळगुळीत, आतून भरलेले.

आपल्या शिल्पपरंपरेत शक्ती दाखवायची ती अशी नाही. वेरूळला कैलास पर्वत हलवणारा रावण पाहा: त्याची ताकद दंडाच्या जाडीत नाही, हातांच्या संख्येत आहे. देवीचेही तेच. तुळजापूरच्या भवानीला आठ हात, वणीच्या सप्तशृंगीला अठरा. आमच्यासारख्या माणसाला यात गणित दिसते: अठरा हात म्हणजे एकूण छेदाचे क्षेत्रफळ नऊपट, आणि एकही दंड जाड करावा लागला नाही! मूर्तिकाराने असा विचार केला नसेल, पण चिन्ह म्हणून ते बेटकुळीहून वाईट नाही. आणि मुख्य म्हणजे रावण आणि देवी या दोघांना एकच चिन्ह लागू आहे.

अवनींद्रनाथ टागोरांनी १९१४ साली भारतीय शिल्पातल्या शरीररचनेवर एक छोटे पुस्तक लिहिले. शिल्पशास्त्रात पुरुषाचे खांदे-बाहू हत्तीच्या सोंडेसारखे असावेत असे सांगितले आहे, ते त्यात सचित्र समजावले आहे. हा दृष्टान्त जीवशास्त्राच्या शिक्षकांनी जरूर वापरावा. सोंडेत एकही हाड नाही. ती सगळी स्नायूंचीच आहे. हाडाची तरफ नसल्यामुळे तिला आपल्यासारखी बेटकुळी येत नाही, पण ती लाकडाचा ओंडका उचलते. गुळगुळीत आणि बलवान या दोन गोष्टी एकत्र असू शकतात हे जुन्या कारागिरांनी हत्तीकडे पाहून ठरवले होते.

ही समानता आपल्याकडच्या कॉमिक्समध्ये टिकली का? फारशी नाही. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि १९९० पर्यंत चालली. आमच्या पिढीने वेताळाच्या कथा मराठीत वाचल्या त्या तिथेच. अनंत पैंची अमर चित्रकथा १९६७ साली सुरू झाली. तिथे राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनी सुरेख काम केले. मुळीकांनीच पुढे १९८६ पासून हिंदीतल्या नागराजच्या सुरुवातीच्या कथा चितारल्या. नागराजच्या छातीवर आणि दंडांवर स्नायू आहेत ते अमेरिकी धाटणीचे. अमर चित्रकथेतल्या राण्यांच्या हाती तलवार आहे, त्या घोडा फेकतात, पण त्यांच्या दंडावर स्नायूची रेष क्वचितच उमटते. तासन् तास तलवार चालवणारा हात तसा राहत नाही, पुरुषाचाही नाही आणि स्त्रीचाही नाही. म्हणजे पुरुषाचे चिन्ह आपण बाहेरून आणले आणि स्त्रीचे जुनेच ठेवले. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कॅलेंडरांवरचे राम आणि हनुमानही व्यायामशाळेतून आल्यासारखे दिसू लागले आहेत. देवीला मात्र व्यायामशाळेचे दार अजून बंदच दिसते.

चित्रांचे राहू द्या, खरी बलवान स्त्री समोर आली तेव्हा आपण काय केले? १९५० च्या दशकात हमीदा बानू नावाची पहिलवान देशभर पुरुषांशी कुस्त्या खेळत असे. उंची सव्वापाच फूट, वजन १०८ किलो. वर्तमानपत्रे तिला अलिगढची अ‍ॅमेझॉन म्हणत, वंडर वुमनच्याच कुळातले नाव. १९५४ साली बडोद्याला तिने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या आपल्या कोल्हापुरात तिने एका पुरुष मल्लाला हरवले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड फेकले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. तिच्या कुस्त्या ठरवून केलेल्या असतात असा आक्षेप तेव्हाही होता, आणि तो तपासण्यासारखा आहे. पण ठरवलेल्या कुस्तीसाठी पुरुष मल्लांवर दगड पडल्याचे फारसे ऐकिवात नाही.

बाहेरच्या जगातही वेगळे नव्हते. शी-हल्क निघाली त्याच १९८० साली स्त्रियांची मिस ऑलिम्पिया ही शरीरसौष्ठव स्पर्धा सुरू झाली. १९८३ साली लास व्हेगासच्या एका स्पर्धेत ऑस्ट्रेलियाची बेव्ह फ्रान्सिस उतरली. स्नायूंच्या बाबतीत तिच्या जवळपास कोणी नव्हते. तिला आठवा क्रमांक मिळाला. स्नायूंच्या स्पर्धेत स्त्रीला किती स्नायू शोभतात यावर परीक्षकांची चर्चा चालली होती. त्यावरचा माहितीपट १९८५ साली आला. तो पाहताना शी-हल्कच्या चित्रकारांची अडचण बरीच समजते.

आता काळ बदलतो आहे हेही खरे. स्त्रियांचे भारोत्तोलन ऑलिंपिकमध्ये यायला २००० साल उजाडावे लागले, आणि त्याच वर्षी सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला मीराबाई चानूने ४९ किलो गटात ११९ किलो डोक्यावर नेले, तो त्या वेळचा विश्वविक्रम होता. स्वतःच्या वजनाच्या जवळपास अडीच पट! तिचे छायाचित्र सुपरगर्लच्या चित्राशेजारी लावून पाहावे. मीराबाईच्या मांड्या, खांदे आणि मान पाहिली की वजन कुठून उचलले गेले हे कोणालाही कळते. आणि मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. त्या मैदानात टाळ्या पडल्या.

गोळाफेकीच्या मुलीला काय सांगायचे, असे बाईंनी निघताना पुन्हा विचारले. "दंड अजिबात वाढणार नाहीत, घाबरू नकोस" असे सांगणे सोपे आहे आणि पुष्कळ जण तसेच सांगतात. ते खोटे आहे. सराव सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती बहुतांशी मज्जातंतूंमुळे: अधिक तंतू एकाच वेळी कामाला लागायला शिकतात. त्यानंतर स्नायू जाड होऊ लागतात, मुलींचेही. मुलग्यांना वयात येताना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा मोठा पुरवठा होतो, त्यामुळे त्यांचे स्नायू, विशेषतः खांद्यांचे आणि दंडांचे, अधिक वाढतात. प्रौढ स्त्रियांची वरच्या अंगाची ताकद सरासरीने पुरुषांच्या निम्म्याहून थोडी जास्त आणि पायांची सुमारे दोन तृतीयांश असते ती यामुळे. तेव्हा दंड मुलग्यांइतके होणार नाहीत, पण आज आहेत त्याहून जाड होतील. गोळा लांब जातो तो त्याच जाडीमुळे. जाडी नको आणि अंतर हवे, हा सौदा फक्त कॉमिक्समध्ये होतो.

बाईंनी हे त्या मुलीला आमच्यादेखतच सांगितले. तिने नाव दिले की नाही ते अजून कळलेले नाही.

त्या दिवशी दुपारी एक प्रयोग झाला, तो इथे नोंदवतो, कारण तो कोणत्याही शाळेत करता येईल. हळदीची पोती मोजायचा लटकता काटा एका शिक्षकांनी घरून आणला. तो खाली जोत्याच्या कडीला अडकवला, वरच्या आकड्यात दोरीची मूठ बांधली आणि सातवीच्या मुलामुलींना एकेकाने कोपर काटकोनात ठेवून ती वर ओढायला लावली. शिंप्याच्या टेपने प्रत्येकाच्या दंडाचा घेरही घेतला. टेपच्या मापात चरबी आणि हाडही येते, म्हणून हे ढोबळच. तरीही फळ्यावर घेर आडव्या अक्षावर आणि ओढ उभ्या अक्षावर घेऊन ठिपके मांडल्यावर ते एका तिरक्या पट्ट्यात पसरलेले दिसले. एका सरांनी मुलींचे ठिपके गुलाबी खडूने काढा असे सुचवले होते. बाईंनी सगळे पांढऱ्यानेच काढले. नंतर कोणता ठिपका कोणाचा हे ओळखायला सांगितले, तर मुलांना ते जमेना. बाराव्या-तेराव्या वर्षी ते जमणारही नाही. दहावीत हाच प्रयोग केला तर ठिपक्यांचे दोन थवे वेगळे होऊ लागतील, पण पट्टा साधारण तोच राहील, आणि तेच मुलांना दाखवायचे आहे.

प्रयोग चालू असताना ती मुलगी मागच्या बाकावर वही उघडून बसली होती. ट्रक उचलणाऱ्या बाईचे चित्र तिने नव्याने काढायला घेतले होते. चेहरा आणि साडी झाली होती, दंड मात्र खोडून खोडून कागद काळा पडला होता.

"सर, अजून किती जाड करू?"

ट्रक त्या मानाने केवढा काढला आहे ते पाहून आम्ही फूटपट्टीने हिशेब करून दिला. दंड पानाच्या बाहेर जात होता. तिने शेजारच्या मुलीच्या वहीतले एक पान मागून घेतले आणि ते आपल्या पानाला जोडायला डिंक शोधू लागली.